चाळिशीतलं हिब्रू

वयाच्या एकोणचाळिसाव्या वर्षी मी हॉस्पिटलच्या नोकरीचा राजीनामा दिला आणि चर्चमध्ये पाळक होण्यासाठी सेमिनरीत नाव घातलं. घरी हे सांगितलं तेव्हा आम्ही पाचही जण जेवायला बसलो होतो. नवऱ्याला आधीपासून ठाऊक होतं, त्यामुळे तो मान खाली घालून जेवत राहिला. दोन्ही मुलींनी एकमेकींकडे पाहिलं. सासूबाईंनी वरणभाताचा एक घास घेतला, वर पाणी प्याल्या आणि मला विचारलं,

"पाळकीण व्हाले शिका लागते का वं?"

आमच्याकडे पाळकीण म्हणजे पाळकाची बायको. पाळक उपदेश करतो, पाळकीण महिला मंडळाच्या बायकांना जमवते, आल्यागेल्याला चहा देते. सासूबाईंच्या मनात याखेरीज दुसरा अर्थ येणं शक्यच नव्हतं.

"पाळकीण नाही, आई. पाळक."

त्यांनी ताट उचललं आणि मोरीत नेऊन ठेवलं. त्यानंतर वर्षभर त्या माझ्याशी सगळं बोलल्या, दूध आलं का, कोथिंबीर संपली, धाकटीला ताप आहे, सगळं. या विषयावर मात्र एक शब्द नाही.

माझ्या डोक्यात हे खूळ एका दिवसात शिरलं नव्हतं. पंधरा वर्षं मी बायकांच्या मेडिसिन वॉर्डात स्टाफ नर्स होते. एकदा नागपूरच्या इतवारीतल्या एका किराणा दुकानदाराची बायको दहा दिवस बेशुद्ध पडून होती. नवरा दिवसभर कॉटच्या पायाशी उभा असायचा. एक दिवस माझ्या गळ्यातला क्रूस पाहून तो म्हणाला, "सिस्टर, तुमच्या देवाजवळ माझ्यासाठी शब्द टाका ना." मी सलाईनची बाटली बदलली, हात धुतले आणि तिथंच उभी राहून प्रार्थना केली. चार मिनिटं असेल. ती बाई वाचली नाही. पण महिन्याभरानं तो माणूस वॉर्डात आला आणि म्हणाला, "त्या दिवशी मी एकटा नव्हतो, एवढं सांगायला आलो." तेव्हापासून पेशंटचे नातेवाईक मला बोलवायचे. हिंदू, बौद्ध, मुसलमान, कोणीही. मी कोणाला उपदेश केला नाही, फक्त शेजारी उभी राहिले. हळूहळू मला वाटायला लागलं की दिवसभराच्या इंजेक्शनांच्या आणि चार्टांच्या मध्ये जी ती चार मिनिटं असतात, तेच माझं खरं काम आहे.

तरी दोन वर्षं मी गप्प बसले. ही देवाची हाक आहे की माझीच मोठं व्हायची हौस, हे कळत नव्हतं. शेवटी आमच्या पाळकसाहेबांना विचारलं. ते म्हणाले, "हौस असेल तर हिब्रूच्या पेपरात उतरून जाईल."

त्यांचं म्हणणं किती खरं होतं ते पहिल्याच वर्षी कळलं.

माझ्या वर्गातली बाकीची मुलंमुली बावीस-तेवीस वर्षांची. पहिल्या दिवशी मला पाहून ती उठून उभी राहिली, त्यांना मी शिकवायला आलेली मॅडम वाटले. मंडळीचा म्हणजे चर्चचा इतिहास, उपदेशाचं शास्त्र, हे विषय मला जमले. समुपदेशनात तर सगळी माझ्या वह्या मागायची. पण हिब्रू, बायबलच्या जुन्या कराराची मूळ भाषा! उजवीकडून डावीकडे वाचायचं, स्वर अक्षरांच्या खाली ठिपक्यांत, आणि अक्षरं एकमेकांची सख्खी भावंडं. त्यातही दालेथ आणि रेश ही दोन मला वेगळी दिसायचीच नाहीत.

त्या वर्षी थोरली दहावीत होती. सदरच्या मागच्या गल्लीतल्या आमच्या दोन खोल्यांत अभ्यासाचं टेबल एकच. एका बाजूला ती भूमितीची प्रमेयं घोकायची, दुसऱ्या बाजूला मी दालेथ, रेश. नवरा बुटीबोरीच्या सूतगिरणीत. पहिली पाळी असली की तो पहाटे उठून स्वतःचा डबा करायचा आणि त्याबरोबरच आम्हा तिघींचेही भरून ठेवायचा. लग्नानंतर सोळा वर्षं ज्या माणसानं कणीक भिजवली नव्हती, तो आता मला सांगायचा, "आजच्या पोळ्या जरा बऱ्या जमल्या, पाहून घे." गिरणीत ही बातमी पोचलीच. खात्यातली माणसं त्याला हाक मारायला लागली, "काय पाळकीणबाई, आज भाजी कोणती?" मला वाईट वाटलं. तो हसून म्हणाला, "मी त्यांना सांगितलं, पाळकिणीला चहा पाजायची रीत आहे, पाजा."

दहावीचा निकाल लागला, थोरली चांगल्या मार्कांनी पास झाली. त्याच आठवड्यात माझाही निकाल लागला. हिब्रूत नापास.

थोरलीनं माझी गुणपत्रिका वर-खाली पाहिली आणि अगदी मोठ्या माणसासारखी म्हणाली, "आई, तुला एटीकेटी लागली. होते गं. रडू नको."

मी तिच्यासमोर हसले. मग स्वयंपाकघरात जाऊन ओट्याकडे तोंड करून रडले. हॉस्पिटलात परत घेतील का, कोणाला फोन करावा, हे मनात चालू होतं. सासूबाई मागे येऊन कधी उभ्या राहिल्या ते कळलं नाही.

"काहून रडून राहिली?"

"मी सोडते आई हे सगळं. तुमचंच बरोबर होतं."

"मी कवा काही म्हटलं?"

"नाही म्हटलं, तेच."

त्या खाली पाटावर बसल्या. मलाही बसायला सांगितलं. मग त्यांनी मला त्यांच्या आईची गोष्ट सांगितली. लग्न होऊन मला सतरा वर्षं झाली होती, पण ही गोष्ट मी पहिल्यांदा ऐकत होते.

त्यांची आई बायबलबाई होती. मिशनच्या काळात अशा बायका असायच्या. खांद्याला पिशवी अडकवून त्या गावोगाव पायी फिरायच्या, घरातल्या बायकांना वाचायला शिकवायच्या, प्रार्थना सांगायच्या.

"माही माय उन्हाचं पायी जाये," सासूबाई म्हणाल्या. "तीन-तीन गावं करे एका दिवसात. तिनं जितके लोक प्रभूजवळ आणले ना, तितके कोण्या साहेबानं आणले नसतीन. एक डाव मोठी सभा होती. मायले म्हटलं, तू तुही साक्ष सांग, प्रभूनं तुह्यासाठी काय केलं ते. माय व्यासपीठावर चढली. मी खाली बसून होतो, सात-आठ वर्षांची. तिनं तोंड उघडलं अन् मागून माणसं हासली. बाई बोलून राहिली म्हणून हासली, दुसरं काई नाई. माय खाली उतरली. मंग मरेपर्यंत कोण्या सभेत उभी राहिली नाई."

मी त्यांच्याजवळ सरकले.

"मले तुहा राग नाई आला वं. मले भेव वाटलं. तू उभी राहशीन अन् तुले हासतीन, अन् मले पुन्हा ते पाहा लागन."

एवढं बोलून त्यांनी पदरानं नाक पुसलं आणि एकदम वेगळ्याच आवाजात विचारलं, "कोण्या विषयात गेली?"

"हिब्रूत."

"आण ते."

दुसऱ्या दिवशी नवऱ्यानं गिरणीतून सुताच्या कोनांचे रिकामे पुठ्ठे आणले. मुलींनी ते कापून पत्त्यांएवढे तुकडे केले. एका बाजूला हिब्रू अक्षर, मागे मराठीत त्याचं नाव. नंतर शब्दांचेही केले. सासूबाई तांदूळ निवडायला बसल्या की गठ्ठा मांडीवर घ्यायच्या, एक-एक पुठ्ठा माझ्यासमोर धरायच्या आणि मागचं नाव पाहून खरं-खोटं सांगायच्या.

"रेश," मी म्हणायचे.

"नाई. पुन्हा पाय."

"रेशच आहे, आई."

"दालेथ आहे. अवं, त्याच्या पाठीले कोपरा आहे, दिसत नाई का? रेशची पाठ गोल राहते."

हे कोणत्याही सरांनी मला असं सांगितलं नव्हतं. त्या दिवसापासून माझी दालेथ आणि रेशमध्ये कधी चूक झाली नाही. दिवाळीच्या सुमारास माझ्या लक्षात आलं, सासूबाई पुठ्ठ्याची मागची बाजू पाहतच नव्हत्या. मी मुद्दाम चुकीचं सांगून पाहिलं. त्यांनी तांदळातून डोळे वर न काढता मला दुरुस्त केलं. एकाहत्तराव्या वर्षी, चौथी शिकलेल्या त्या बाईला हिब्रूची बावीसच्या बावीस अक्षरं येत होती. आमच्या वरच्या मजल्यावर एक बौद्ध काकू राहतात, धाकटीला शाळेतून आल्यावर त्याच सांभाळायच्या. सासूबाई त्यांना जिन्यात थांबवून सांगायच्या, "आमच्या घरी आता दोघी जणी शिकून राहिल्या."

फेरपरीक्षेत मी पास झाले. काठावर नव्हे, चांगली पास झाले. निकाल घेऊन घरी आले तर सासूबाईंनी आधी कागद हातात घेतला, आकडा दोनदा वाचला आणि मुलींना म्हणाल्या, "पाटोडीचा रस्सा करा आज." केला अर्थात त्यांनीच.

तिसरं वर्ष संपल्यावर प्रत्यक्ष मंडळीत जाऊन काम करण्याचं एक वर्ष होतं. मला पारशिवनी तालुक्यातलं एक गाव मिळालं. अकरा घरांची मंडळी, पत्र्याच्या छपराचं छोटं उपासनागृह. शनिवारी एसटीनं जायचं, घरोघरी भेटी द्यायच्या, मुक्काम करायचा आणि रविवारी उपासना घेऊन परत यायचं.

पहिल्या शनिवारी मंडळीचे वडील दारात उभे होते. वडील म्हणजे तिथं मंडळीचा कारभार पाहणारा निवडलेला माणूस. साठी उलटलेला शेतकरी, आवाज खणखणीत. त्यांनी माझ्या मागे पाहिलं, आणखी कोणी येतंय का म्हणून.

"आम्ही पोरगा मांगतला होता," ते म्हणाले.

"मला पाठवलंय, काका."

"ठीक आहे. आता आली तं आली." मग जरा थांबून म्हणाले, "पण टेबलामागं उभं राहून बोलाचं नाई. बायकांच्या बाजूनं उभं राहून बोलजा."

समोर एक साधं लाकडी टेबल होतं, त्यावर पांढरा कपडा आणि क्रूस. पाळक त्याच्या मागे उभा राहतो. मी तीन महिने बायकांच्या सतरंजीच्या कडेला उभी राहून उपदेश केला. घरी येऊन हे सांगितलं तेव्हा थोरली संतापली. नवरा म्हणाला, "तू काय बोलतेस ते ऐकू जातं ना? मग झालं." सासूबाई मात्र एवढंच म्हणाल्या, "हासले तं नाई ना?"

"नाही, आई. कोणी हसत नाही."

"मंग उभी राह्य."

दुसऱ्या महिन्यात मला दिसलं की वडील लंगडतात. बांधावर अनवाणी चालायची सवय, आणि उजव्या पायाच्या अंगठ्याखाली कापडाची चिंधी. मी पाय दाखवा म्हटलं तर नको म्हणाले. त्यांच्या सुनेनं मला बाजूला घेऊन सांगितलं, की जखम दीड महिन्यापासून आहे आणि साखरेच्या आजाराच्या गोळ्या त्यांनी केव्हाच्या बंद केल्यात. पंधरा वर्षांच्या नोकरीत असे पाय मी पुष्कळ पाहिले होते. त्यातले काही घोट्यापासून कापलेलेही.

मी ओट्यावर त्यांच्यासमोर खाली बसले आणि म्हणाले, "काका, मी आत्ता पाळक म्हणून बोलत नाही, सिस्टर म्हणून बोलते. पाय पुढे करा."

माझा आवाज वॉर्डातला असावा. त्यांनी पाय पुढे केला.

जखम खोल होती, पण हाडापर्यंत गेली नव्हती. धुतली, स्वच्छ केली, पट्टी बांधली. रोजची पट्टी कशी करायची ते सुनेला शिकवलं. सोमवारी त्यांना नागपूरला आणायला लावलं, माझ्या जुन्या हॉस्पिटलात डॉक्टरांना दाखवलं, गोळ्या सुरू करून दिल्या, पायात मऊ चप्पल घालायला लावली. नंतर दर शनिवारी गावात उतरले की आधी त्यांच्या ओट्यावर जायचे. त्यांचा पाय माझ्या मांडीवर आणि तोंड दुसरीकडे फिरवलेलं. कधी कपाशीबद्दल बोलायचे, कधी काहीच नाही. मी टेबलाचा विषय एकदाही काढला नाही. खरं सांगायचं तर पट्टी करताना तो आठवायचाही नाही. त्या वेळी मी इतकी सुखात असायचे की मला वाटायचं, हेच ते काम, यासाठीच सगळं सोडलं.

चौथ्या महिन्यातला पहिला रविवार. मी नेहमीसारखी सतरंजीच्या कडेला जाऊन उभी राहिले, वही उघडली. पुरुषांच्या बाजूनं वडील उठले. चपला बाहेर, पाय आता कोरडा, जखम भरत आलेली. सावकाश चालत ते टेबलाजवळ गेले, दोन्ही हातांनी ते जरा पुढे ओढलं, मागे माणूस नीट उभा राहील एवढी जागा केली आणि माझ्याकडे वळले.

"तिकून काहून बोलून राहिली? मागच्या लोकायले ऐकू नाई येत. इकडं ये, इथून बोल."

मागे लोक असे नव्हतेच. पस्तीस माणसांच्या खोलीत मागे कुठलं आलंय. पण मी गेले. टेबलामागे उभी राहिले. सगळ्यांचे चेहरे पहिल्यांदा समोरून दिसले. सतरंजीवरच्या बायका माझ्याकडे पाहून इतक्या खुशीत होत्या की मला लिहून आणलेला उपदेश वाचताच आला नाही. मी वही मिटली आणि मनातलं बोलले. तितकं चांगलं मी नंतर आजवर बोललेले नाही.

वर्ष संपलं. आता चर्चच्या समितीची मुलाखत तेवढी राहिली होती. पाळकपदाची दीक्षा द्यायची की नाही हे तिथं ठरणार. लांब टेबलापलीकडे आठ जण, मधोमध बिशपसाहेब. शास्त्राचे प्रश्न झाले, मंडळी चालवण्याचे झाले. मग एका गृहस्थांनी चष्मा काढून विचारलं, "तुम्ही संसारी बाई. पाळकाला वेळी-अवेळी बोलावणं येतं. घर कोण सांभाळणार?"

माझ्या आधी तीन विवाहित पुरुष आत जाऊन आले होते. त्यांना हा प्रश्न विचारला नव्हता, हे मला बाहेर कळलं होतं. राग आला. पण उत्तर देताना तो राहिला नाही, कारण उत्तर माझ्याकडे तयार होतं.

"गेली चार वर्षं जसं चाललंय तसंच चालेल, साहेब. नवरा डबे करतो. मुली आपापलं पाहतात. सासूबाईंनी माझा हिब्रूचा अभ्यास घेतला. वरच्या काकू धाकटीला सांभाळतात. मी एकटीनं घर कधी सांभाळलंच नाही."

बिशपसाहेब हसले. त्यांनी विचारलं, "सासूबाईंनी हिब्रूचा अभ्यास घेतला?"

"हो. आणि मी नापास झाले ते त्यांच्याकडे जाण्याआधी."

सगळेच हसले, चष्मा काढलेले गृहस्थसुद्धा. तेवढ्यात शिपाई आत आला आणि म्हणाला, बाहेर खेड्यावरून कोणी आलेत, भेटल्याशिवाय जात नाही म्हणतात. ते गावचे वडील होते. सकाळच्या एसटीनं एकटेच आले होते, पायात काळे बूट. आयुष्यात पहिल्यांदा बूट घातले होते असं नंतर म्हणाले. खिशातून त्यांनी घडी केलेला कागद काढून टेबलावर ठेवला. अकराही घरांच्या सह्या आणि अंगठे होते त्यावर.

"आमी साधे लोक आहो," ते उभ्यानंच बोलले. "पोरगा मांगतला होता, बाई पाठवली. आता आमाले दुसरं कोणी नोको. हेच पाठवा."

मला बाहेर थांबायला सांगितलं. वडील माझ्या शेजारी बाकावर बसले. बूट चावत होते, ते काढून त्यांनी शेजारी ठेवले. पंधरा-वीस मिनिटांनी दार उघडलं आणि बिशपसाहेब स्वतः बाहेर आले. त्यांनी काही बोलण्याआधी हात पुढे केला. मी उभी राहिले आणि मला हसूच फुटलं. नवऱ्याला फोन लावला. तो पाळीवर होता, यंत्रांच्या आवाजात त्याला काही ऐकू येईना. मी ओरडले, "झालं! झालं हो!" तो पलीकडून ओरडला, "काय?" आणि मग त्याला कळलं. फोन हातात तसाच धरून त्यानं सगळ्या खात्याला ओरडून सांगितलेलं मला ऐकू आलं.

दीक्षेच्या दिवशी आमचं ख्रिस्तमंदिर भरून बाहेर खुर्च्या टाकाव्या लागल्या. गावातून एक टेम्पो भरून माणसं आली. माझ्या जुन्या वॉर्डातल्या चार सिस्टर ड्यूटी बदलून आल्या होत्या. पहिल्या बाकावर सासूबाई, त्यांच्या शेजारी पांढऱ्या साडीत वरच्या मजल्यावरच्या काकू, मग मुली आणि नवरा. मी गुडघे टेकले. बिशपसाहेबांचे आणि इतर पाळकांचे हात डोक्यावर आले, एकावर एक, इतके जड की मान खाली गेली. त्या ओझ्याखाली मी एकच गोष्ट म्हणत राहिले, प्रभू, आता मला हलकी करू नकोस.

विधीच्या शेवटी नव्या पाळकानं मंडळीला आशीर्वाद द्यायचा असतो. दीक्षा झाल्याशिवाय हात उंचावून तो देता येत नाही. मी वळले, हात वर केला. एवढी माणसं एकदम उठून उभी राहिली, बाकांचा मोठा आवाज झाला. सासूबाईंना गुडघ्यांमुळे उठायला वेळ लागतो. मी थांबले. काकूंनी त्यांना हात दिला. त्या सरळ उभ्या राहिल्या, डोक्यावरचा पदर नीट केला आणि मान वाकवली. मग मी आशीर्वाद दिला. सगळ्यांचं "आमेन" आलं ते छपराला लागून परत खाली आलं.

बाहेर मांडवात जेवणाची पंगत बसली. मला भेटायला रांग लागली होती, कोणी हार घालत होतं, कोणी लेकराच्या डोक्यावर हात ठेवा म्हणत होतं. पलीकडे सासूबाई उभ्या होत्या. त्यांच्याभोवती गावाहून आलेल्या बायका जमल्या होत्या. त्यातल्या एकीनं त्यांना विचारलं, "तुमी कोण वं बाई?"

सासूबाईंनी माझ्याकडे बोट केलं.

"ते पाय, ते पाळक," त्या म्हणाल्या. आवाज मांडवाच्या दुसऱ्या टोकापर्यंत पोचला. "ते माही सून आहे."